लोण्याचा पूल

प्रोजेक्टरचा बल्ब पुन्हा गेला तेव्हा शिल्पा स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बाबा, राहू द्या ना ते! लोक डोहाळजेवणाला येणारेत, लेक्चरला नाही."

"आणि पुरुषमंडळींनी काय करायचं?" तिच्या सासऱ्यांनी, चंद्रशेखरांनी, गरम बल्ब रुमालात धरून हळूच फिरवला. "तुम्ही बायका ओटी भरणार, गाणी म्हणणार. ते बिचारे नुसता ढोकळा खात बसणार. त्यांना माझं ते डच गाव दाखवतो, डेल्फ्ट. कालवे आणि पूल. थोडक्यात."

"मागच्या दिवाळीला पण थोडक्यातच होतं," शिल्पाचा नवरा नंदू मागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीतून ओरडला. "अर्धे लोक झोपले होते, बाबा. आणि होडीला कोणी हात नका लावू, पेंट ओला आहे!"

होडी म्हणजे नव्या फ्रिजचं खोकं. शिल्पाला लेकीचं डोहाळजेवण नावेतलंच करायचं होतं, नाशिकला आपल्या मोठ्या बहिणीचं झालं होतं तसं. आठवडाभर ऑफिसमधून आल्यावर नंदू ते खोकं कापत, चिकटवत बसला होता. आता त्याला शीड होतं, वल्ही होती, आणि बाजूला सोनेरी अक्षरांत 'देविका' लिहिलेलं होतं.

देविका सोफ्यावर बसली होती. हिरवी साडी अजून नेसायची होती. तिला आठवा लागला होता. सातव्यातच व्हायचं ते डोहाळजेवण हॉलच्या, पाहुण्यांच्या आणि सुट्ट्यांच्या भानगडीत पुढे गेलं होतं. तिचा एक हात पोटाखाली होता आणि दुसऱ्या हातात मँगो ज्यूसचा रिकामा ग्लास. तो तिच्या नवऱ्याने, अनयने आणून दिला होता. गार काही प्यायलं की बाळ उठतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

उठलं नव्हतं.

सकाळी दात घासताना हललं होतं का? की ते काल? काल जेवताना नक्की. जेवताना की जेवणानंतर? एरवी दिवसभर लाथा खाणाऱ्या माणसाला शेवटची लाथ कधी बसली ते आठवू नये, याची तिला लाज वाटत होती. आतमध्ये मम्मी तीन दिवस राबत होती. ओटीची पाच फळं ईलिंग रोडवरच्या भारतीय बाजारातून आली होती, फुलांचे दागिने ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये होते. आणि या घरात देविका म्हणजे 'ड्रामा क्वीन' हे शाळेपासून ठरलेलं होतं.

"लागला!" आजोबा म्हणाले. समोरच्या भिंतीवर पिवळट उजेडात एक कालवा उमटला. "हे बघ देवी. आउडे डेल्फ्ट. सगळ्यात जुना कालवा. त्या गावाच्या नावाचा अर्थच मुळी 'खणलेलं'. आधी गाव आणि मग कालवा, असं नाही हां. आधी नुसती दलदल. त्यातलं पाणी काढायला माणसांनी चर खणला, चराच्या काठाने घरं झाली, आणि गावाला चराचंच नाव पडलं."

"हो, आजोबा."

"पुढे बिअर करणारे आले. त्यांना चांगलं पाणी हवं, म्हणून कालव्यात घाण टाकायला बंदी. आणि हे पूल बघ, विटांचे, मधे उंच. खालून माल भरलेल्या होड्या जायच्या. होड्यांचा धंदा संपला तेव्हा काही कालवे बुजवून टाकले, रस्ते केले. आज त्या रस्त्यावरून जाताना कळतसुद्धा नाही खाली काय होतं ते. मी तिकडे शिकायला गेलो तेव्हा आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये..."

देविकाने बोटांनी पोट जरासं दाबलं. थांबली. पुन्हा दाबलं.

"आणि ही तुझी आजी! लोण्याच्या पुलावर."

ही स्लाइड घरातल्या सगळ्यांना पाठ होती. जाड कोट घातलेली कोवळी सुप्रभा, डोक्याला रुमाल, मागे घड्याळाचा मनोरा. गोष्टही पाठ होती. देशावरून आलेली नवी नवरी, एवढं पाणी कधी न पाहिलेली, पुलांना घाबरायची. आणि कालव्यांच्या गावात पूल ओलांडल्याशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. मग आजोबांनी हिंडून हिंडून तिच्यासाठी घरापासून दुकानापर्यंत एक रस्ता शोधून काढला. त्यावर एकही पूल नाही. आजी ऐटीत त्या रस्त्याने जायला लागली. आणि पुढे एक दिवस वर्गात सर नकाशावर बोट ठेवून म्हणाले, हा रुंद रस्ता दिसतोय ना, हा रस्ता नाहीच मुळी...

"पूल आहे!" स्वयंपाकघरातून शिल्पाने नेहमीप्रमाणे वाक्य पूर्ण केलं.

"अख्ख्या कालव्यावर कमान घातलेली," चंद्रशेखर खूश होऊन म्हणाले. "वर लोण्याचा बाजार भरायचा. खालच्या पाण्याने लोणी गार राहायचं. आणि ही बाई रोज त्यावरून—"

देविका हसली नाही. ती भिंतीवरच्या कोटाकडे बघत होती. इतकी वर्षं तिला तो नुसता मोठा कोट वाटला होता. पण त्या मुलीचा एक हात कमरेमागे होता आणि दुसरा पोटाखाली, अगदी खाली, वजन उचलून धरल्यासारखा. गेले दोन महिने देविका स्वतः असंच उभी राहत होती, बसच्या रांगेत, सेन्सबरीजच्या दुकानात, सिंकपाशी. नुसती थंडी वाजणारी माणसं असं उभी राहत नाहीत.

"आजोबा, हा फोटो कधीचा?"

"एकोणसत्तर. फेब्रुवारी."

"पण डॅड तर सेव्हंटी-वनचा आहे."

चंद्रशेखरांनी बटण दाबलं. भिंतीवर दोन टोकदार मनोऱ्यांची वेस आली. "हा पूर्व दरवाजा," ते म्हणाले. "हा एकच उरलाय."

*

सुप्रभा ओट्याशी उभी राहून ओटीचे तांदूळ निवडत होती. निवडायची काही गरज नव्हती, पाकिटातले तांदूळ स्वच्छच असतात; पण तिचे हात रिकामे राहत नसत. शिल्पा तेवढ्यात पाट पुसायला बाहेर गेली आणि देविका आत आली. दार लोटून घेतलं.

"आजी, तू त्या फोटोत प्रेग्नंट आहेस."

सुप्रभाचा हात ताटात थांबला.

देविका भराभर बोलत होती. घाबरली की ती भराभर बोलायची, लहानपणापासून. "म्हणजे ती पुलाची गोष्ट. तू घाबरायचीस म्हणून नाही ना? आपल्या घरात रूल आहे ना, प्रेग्नंट असताना रिव्हर क्रॉस नाही करायचा. तुझा रूल. म्हणून मम्मीला मी होताना त्या चेरिटनवरून फिरवून नेलं. म्हणून मी नाइन्थ मंथला तसंच फिरून पलीकडे, हॉस्पिटलच्या बाजूला, अनयच्या फ्रेंडकडे राहायला जाणार. म्हणजे तेव्हा पण तू... मग ते बाळ कुठे—"

ती बोलायची थांबली, कारण आजी तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. आजी तिच्या हाताकडे बघत होती. देविकाची दोन बोटं पोटाच्या उजव्या बाजूला दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती.

"कधीपासून?" सुप्रभा म्हणाली.

"काय?"

"हलत नाहीये कधीपासून?"

"माहीत नाही. काल नक्की हलला. आज मी... मला लक्षातच नाही आलं, आजी, मी नेल्स करत होते. अनय म्हणतो झोपलंय. मम्मीला सांगितलं तर ती म्हणणार, आत्ताच सुचलं का तुला?"

"मला हात लावू दे."

म्हातारा, कोरडा तळवा टीशर्टवरून फिरला. खाली, बाजूला, बरगडीपाशी. सुप्रभाने डोळे मिटले होते. फ्रिजची घरघर, बाहेर नंदूच्या टेपचा चर्र आवाज. हातात फक्त घट्ट, गरम पोट होतं.

पोट असंच गरम असतं. गरम असण्याला काही अर्थ नसतो. हे या घरात फक्त तिला माहीत होतं.

"फोन लाव," ती म्हणाली.

"थोडा वेळ बघू या का? काही गोड खाऊन? लोकं तीनला येतायत."

"देविका." आजीने तिला पूर्ण नावाने हाक मारली. एरवी ती देवी, देवू, चिमणे म्हणायची. "थांबायचं नाही. फोन लाव."

*

फोनवरच्या मिडवाइफने फार प्रश्न विचारले नाहीत. बत्तीस आठवडे ना? मग या. आत्ता या. ज्यूस पिऊन बघू नका, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

शिल्पा हातात ओलं फडकं घेऊन हॉलमध्ये उभी होती. तिच्या मनात एकाच वेळी दोन विचार आले आणि त्यातला पहिला बटाटेवड्यांच्या सारणाचा होता, याचा तिला पुढे कितीतरी दिवस राग येणार होता.

"मला का नाही सांगितलंस?" ती लेकीवरच ओरडली. "सकाळपासून माझ्यासमोर बसलीयेस!"

"तू बिझी होतीस, मम."

"बिझी! कुणासाठी बिझी?"

"आई, प्लीज," अनय मध्ये पडला. आवाज शांत ठेवायची त्याची धडपड चालू होती. "बहुतेक काही नसेल. म्हणजे, बहुतेक वेळा काही नसतं. मी वाचलंय."

"तू वाचत बस," शिल्पा म्हणाली, आणि लगेच तिला वाईट वाटलं.

नंदूने मोठ्या गाडीची किल्ली घेतली. या गाडीतून तो पाहुण्यांना आणायला जाणार होता. मागच्या सीटवर पाण्याचे क्रेट होते, ते त्याने तसेच ड्राइव्हवेवर उतरवले. चंद्रशेखर कोट घालून सगळ्यांच्या आधी दारात आले होते.

"नंदू, बिशप्स वॉल्थमकडून घे. तिथून चेरिटन. आज रविवार आहे, रस्ता मोकळा असेल."

चेरिटन हा या घरातला जुना विनोद होता. त्यांच्या वूल्स्टनमधून हॉस्पिटलला जायचं तर मध्ये इचन नदी, तिच्यावर उंच पूल, आणि तो ओलांडला की झालं. पण देविकाच्या वेळी शिल्पाला कळा सुरू झाल्या तेव्हा चंद्रशेखरांनी गाडी उलट्या दिशेला वळवली होती. नदी ओलांडायची नाही तर नदीच्या उगमाला वळसा घालायचा. अर्धं हॅम्पशायर, शेतांमधले अरुंद रस्ते, पुढे मेंढ्या. शिल्पाने डॅशबोर्डला नखं रोवली होती. पुढे सगळे हसायचे, देविकाला 'मिस चेरिटन' म्हणायचे. शिल्पाही हसायची. पण सत्तावीस वर्षं, सासूने पुढ्यात चहा ठेवला की तिला कधी कधी त्या मेंढ्या आठवायच्या.

"बाबा, तुम्ही सीरियस आहात?" नंदू म्हणाला.

"वेळ जाईल थोडा, पण सुप्रभाला पुलावरून चालणार नाही. आठवा महिना आहे. तिच्या जिवाला घोर—"

सगळ्यांनी सुप्रभाकडे पाहिलं. शिल्पाने तर दातओठ खाऊन पाहिलं. आज जर ही बाई नदी म्हणाली, तर मी घरातल्या एकाही माणसाची भीड ठेवणार नाही, असं तिने मनात ठरवूनच टाकलं.

सुप्रभा चपला घालत होती. वाकून, भिंतीला धरून.

"पुलावरून," ती म्हणाली.

"अगं पण तुला—"

"मला काय?" तिने मान वर केली. "मी कधी म्हटलं होतं? एकदा तरी? शिल्पाच्या वेळी मी घरी होते, तुम्ही तिला गाडीत घालून निघालात. आल्यावर सगळ्यांना सांगितलंत, सुप्रभाला नदी चालत नाही. मी गप्प बसले. तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर असू दे म्हटलं, माझ्या नावावर." ती दुसरी चप्पल चढवून सरळ झाली. "आज असू दे म्हणणार नाही. नंदू, गाडी काढ. पुलावरून."

शिल्पाच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिने ते उचललं नाही. सासूचा दंड धरून तिला पायरीवरून उतरवलं, आणि मग तसंच धरून ठेवलं, गाडीपर्यंत.

*

रविवारी दुपारी पुलावर एवढ्या गाड्या कुठून येतात, हे नंदूला कळत नव्हतं. टोलच्या अलीकडे रांग होती. मागच्या सीटवर देविका मध्ये, तिच्या एका बाजूला अनय, दुसऱ्या बाजूला सुप्रभा. सगळ्यात मागे शिल्पा फोनवर एकेका घरी सांगत होती, "नाही नाही, तब्येत ठीक आहे, जरा चेक करायला... हो, कळवते. नाही, ढोकळा आणू नका."

"सँडविचेस असतील का हॉस्पिटलमध्ये?" देविका मधेच म्हणाली, आणि रडायला लागली.

"आहेत," अनय म्हणाला. "एग अँड क्रेस. तुला आवडत नाही तेच फक्त." तो तिच्या बोटांवरून अंगठा फिरवत होता, तीच ती जागा, सारखी.

"लाथ मार रे," देविका पोटाला म्हणाली. "प्लीज. एकदाच. ड्रामा क्वीनचं बाळ आहेस ना?"

नंदूने खिडकी खाली केली, कार्ड टेकवलं. दांडा वर गेला. पुढे रस्ता चढत होता. हा पूल मधे इतका उंच होतो की खालून जहाजं जातात. डावीकडे डॉक्स, क्रेन, एक पांढरी क्रूझ, सगळं खाली खाली जायला लागलं.

शेजारी वडील काहीतरी पुटपुटत होते. आधी नंदूला वाटलं श्लोक असेल. मग शब्द कानावर आले. "...बॉक्स गर्डर. काँक्रीटचा. बॅलन्स्ड कँटिलिव्हर पद्धत. दोन्ही बाजूंनी सारखं वजन वाढवत न्यायचं..." चंद्रशेखरांचे डोळे गच्च मिटलेले होते. दोन्ही हातांनी त्यांनी सीटबेल्ट छातीशी आवळून धरला होता. आयुष्यभर बंदरातल्या भिंती आणि धक्के बांधलेला माणूस, लांब पायांच्या डॅडी लाँगलेग्ज किड्याला घाबरणाऱ्या लहान मुलासारखा बसला होता.

हे आईचं नव्हतं, नंदूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कधीच आईचं नव्हतं. देवांच्या गोष्टींना हसणारे, ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम जेवायला बसणारे बाबा. घरातल्या दोन बाळंतपणांत नदी ओलांडायची नाही, हे बाबांचं होतं. का?

मागून एक हात पुढे आला आणि वडिलांच्या खांद्यावर बसला.

"अहो," आई म्हणाली. "डोळे उघडा. अर्धा झाला."

चंद्रशेखरांनी मान हलवली. डोळे उघडले नाहीत.

"उतार लागला, बघा. नंदू, हळू नको घेऊस. जोरात घे."

मागे देविका शांत झाली होती. आरशात नंदूला तिचा फक्त हात दिसत होता, पोटावर, सगळी बोटं पसरलेली. तिने आजीला फोटोबद्दल काय विचारलं ते त्याला माहीत नव्हतं, पण 'डॅड तर सेव्हंटी-वनचा' हे त्याने मघाशी कन्झर्व्हेटरीतून ऐकलं होतं. त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. सिग्नल पिवळा झाला होता, तो तसाच पुढे गेला.

*

आत दोनच माणसांना जाऊ दिलं, अनय आणि शिल्पाला. दार बंद झालं. कॉरिडॉरमध्ये तीन खुर्च्या होत्या, भिंतीला जोडलेल्या, त्यामुळे एक जण हलला की तिघेही हलायचे.

बराच वेळ गेला. एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. चंद्रशेखर बुटांकडे बघत होते.

"आई," नंदू शेवटी म्हणाला. "माझ्या आधी कोणी होतं का?"

त्याला वाटलं होतं, ती रागावेल किंवा रडेल. ती फक्त सरळ बसली.

"होतं," सुप्रभा म्हणाली. "तिकडे. डेल्फ्टला."

"आणि मला हे आज कळतंय?"

"आज तू विचारलंस."

चंद्रशेखरांनी घसा खाकरला. बोलायचं त्यांना होतं, कारण ती गोष्ट नेहमी तेच सांगायचे. ते चांगली सांगायचे. कुठे थांबायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं, लोण्याच्या बाजाराशी, लोक हसत असताना. त्याच्या पुढे कधी गेलेच नव्हते.

"माझ्या आईने साताऱ्याहून सांगून पाठवलं होतं," ते म्हणाले. "दिवस गेलेत, पाणी ओलांडू देऊ नकोस. मी इंजिनिअर, मी हसलो. पण परका देश. ही एवढीशी. म्हटलं, पाळायला काय जातं? म्हणून रस्ता शोधला. आणि तिच्याकडून कबूल करून घेतलं, मी बरोबर नसताना दुसऱ्या रस्त्याने जायचं नाही. कुठलाही पूल ओलांडायचा नाही." ते थांबले. "मला झीलंडला धरणं बघायला जायचं होतं. सगळ्या वर्गाची ट्रिप होती."

"आमची खोली कालव्यावरच होती," सुप्रभा नंदूला म्हणाली. अगदी साध्या आवाजात, एखाद्या जुन्या घराची रचना सांगावी तशी. "खिडकीखाली पाणी. आणि पाण्यापलीकडे, बरोब्बर समोर, डॉक्टरची पाटी. पितळेची. संध्याकाळी तिच्यावर ऊन यायचं. बाळाचं हलणं बंद झालं तेव्हा मला वाटलं, दिवस भरत आले की असंच होत असेल. विचारायला कोण होतं? मग भीती वाटायला लागली. पण कबूल केलं होतं. हे येईपर्यंत खिडकीत बसले. पाटीकडे बघत."

नंदूने दोन्ही हात तोंडावर धरले.

"मी आलो तेव्हा उशीर झाला होता," चंद्रशेखर म्हणाले. "आणि मग महिन्याभराने वर्गात तो नकाशा. मी तिला रोज पाण्यावरून चालवत होतो. माझ्याच हाताने."

"झालं," सुप्रभा म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली, तशा तिन्ही खुर्च्या हलल्या. "पंचावन्न वर्षं हेच धरून बसलात ना? मला वाटायचंच. अहो, त्या लोण्याच्या पुलाने काय केलंय? त्या पुलावरून चालत होते तेव्हा ती हलत होती. दूध घेऊन येताना लाथा मारायची. समोरचा पूल ओलांडला नाही, म्हणून मी खिडकीत बसून राहिले. ओलांडला असता तरी कदाचित काही झालं नसतं. हे कोणालाच कधी कळणार नाही. पण पाण्याला कशाला धरायचं?"

"मला धर मग."

"तुम्हाला पण किती धरू? तुम्ही सव्वीस वर्षांचे होता."

सुप्रभाने त्यांच्या कोटाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं पाहिलं, आणि ते सोडवून बरोबर लावायला लागली. नंदूने दुसरीकडे पाहिलं. त्याला आठवेना, आईबाबा एकमेकांना हात लावताना त्याने शेवटचे कधी पाहिले होते.

मग दार उघडलं.

अनय होता. तो नुसता उभा राहिला, आणि त्या एका क्षणात तिघेही खुर्चीतून उठू शकले नाहीत.

"आवाज," तो म्हणाला. "ऐकू येतोय का?"

त्याने दार पूर्ण उघडून धरलं. आतून, मशीनमधून, भरधाव, धडधडत, दम न घेता येणारा आवाज कॉरिडॉरभर पसरला.

"ठीक आहे म्हणाल्या. अजून तासभर पोटाला मशीनचे पट्टे लावून ठेवणार. स्कॅन पण करणार, बाळाभोवतीचं पाणी कमी वाटतंय त्यांना जरा. आज ठेवून घेतील कदाचित." त्याचं पुणेरी मराठी घाईत अडखळत होतं. "पण आहे. आणि आत्ता, पट्टा बांधताना, अशी लाथ मारली की पट्टाच सरकला." तो हसला आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकवून रडायला लागला.

त्याच्या मागून शिल्पा बाहेर आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, ब्लाउजवर बेसनाचा डाग. ती सरळ सासूपुढे येऊन उभी राहिली.

"आई, तुम्ही जा आत. मी बसते इथे. ती तुम्हालाच विचारतेय." आणि मग, खालच्या आवाजात, "मी उगाचच इतकी वर्षं—"

"कळत होतं मला," सुप्रभा म्हणाली. "मी दिलेला चहा तू कधी गार झाल्याशिवाय प्यायची नाहीस." तिने सुनेच्या गालावर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि खुर्चीचा आधार घेत उठली.

दारापाशी पोचल्यावर ती थांबली. आतला आवाज आता तिच्या अगदी समोर होता. ती मागे वळली.

"नीना," ती म्हणाली.

"काय?" चंद्रशेखरांना वाटलं, तिने नर्सला हाक मारली.

"तिचं नाव. तुम्ही तेव्हा डॉक्टरशी बोलत होतात बाहेर. नर्सने मला विचारलं, नाव काय? इंग्रजीत. मी म्हटलं, नीना. तिला म्हणता येईल असं. तिने म्हणून दाखवलं मला. दोनदा." सुप्रभाने पदर सारखा केला. "तुम्हाला सांगायचं राहून गेलं."

ती आत गेली. दार हळूहळू आपोआप मिटत आलं, आवाज बारीक होत होत बंद झाला.

शिल्पा नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. तिला अजून काहीच माहीत नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. अनय कॉफी शोधायला गेला. नंदू बराच वेळ समोरच्या भिंतीवरचं स्तनपानाचं पोस्टर वाचत असल्यासारखा बसला होता.

"बाबा," तो म्हणाला. "आज किती वर्षांची असती ती?"

चंद्रशेखरांना हिशेब करावा लागला नाही.

"मार्चमध्ये पंचावन्न झाली," ते म्हणाले.